पहिली भरवशाची आवृत्ती: डेटा एंट्रीचा प्रोग्रॅम ‘१.०’ कधी होतो?

डेटा एंट्रीच्या प्रोग्रॅमचे नाव कोणाच्या तोंडी नसते. रुग्णालयातला केसपेपर, कुटुंब-सर्वेक्षणाचा फॉर्म, सातबाराचा उतारा, कंपनीची जमाखर्चाची वही हे सगळे कोणत्या ना कोणत्या एंट्रीच्या पडद्यातून आत गेलेले असते. पण आपण चर्चा करतो ती बाहेर पडलेल्या तक्त्यांची. तो पडदा बनवणाऱ्यांपुढे मात्र एक प्रश्न पन्नासेक वर्षे वेगवेगळ्या रूपांत उभा आहे. ०.७, ०.९, बीटा, रिलीज कँडिडेट असे करत करत एक दिवस ‘ही पहिली स्थिर आवृत्ती, आता बिनधास्त वापरा’ असे जाहीर करायचे असते. ते कधी करायचे, आणि कशाच्या जोरावर?

इतर सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न बराचसा प्रतिष्ठेचा असतो. वर्ड प्रोसेसर हँग झाला तर एक पत्र जाते, आणि ते गेल्याचे त्याच क्षणी कळते. एंट्रीच्या प्रोग्रॅममधला दोष बहुतेक वेळा कळतच नाही. चुकीचा आकडा दिसायला बरोबर आकड्यासारखाच असतो. तो फाइलीत जाऊन बसतो आणि दोन वर्षांनी अहवालातल्या एखाद्या टक्केवारीत विरघळून जातो. त्यामुळे इथे ‘स्थिर’ म्हणण्याची जबाबदारी वेगळी आहे, एवढे या क्षेत्रातले सगळे मान्य करतात. मतभेद त्याच्या पुढचे आहेत.

पंचकार्डापासून टॅबलेटपर्यंत

पंचकार्डांच्या जमान्यात यंत्र स्थिर आहे का, असे कोणी विचारत नसे. विश्वास यंत्रावर नव्हे, रीतीवर होता. एका ऑपरेटरने कार्ड पंच केले की तेच कार्ड आणि तोच मूळ कागद दुसऱ्या ऑपरेटरकडे जाई. ती व्हेरिफायर नावाच्या यंत्रावर सगळे पुन्हा टाइप करी. आयबीएमच्या ०५६ या व्हेरिफायरवर दोघींचे टाइपिंग जुळले तर कार्डाच्या उजव्या कडेला खाच पडे; जुळले नाही तर चुकलेल्या रकान्याच्या डोक्यावर. गठ्ठा हातात धरून कडेने पाहिले की कोणती कार्डे तपासून झालीत ते दिसत असे. ‘दुहेरी एंट्री’ म्हणून आज जे ओळखले जाते त्याचे हे मूळ.

पर्सनल कॉम्प्युटर आल्यावर चित्र पालटले. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९८५मध्ये डॉसवर चालणारा एपी इन्फो हा प्रोग्रॅम काढला आणि फुकट वाटला. साथीच्या ठिकाणी पोहोचलेल्या डॉक्टरला स्वतःच प्रश्नावली लिहून, स्वतःच एंट्री करून, त्याच रात्री तक्ते काढता यावेत हा हेतू होता. पुढे एपी इन्फो विंडोजवर गेला, मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसवर बेतला गेला आणि जड झाला. डॉसवरची सहावी आवृत्ती ज्यांच्या हातात बसली होती त्यांची यात अडचण झाली. त्या गरजेतून, एकविसावे शतक उजाडता उजाडता, डेन्मार्कमधल्या ओडेन्स इथे येन्स लाउरिट्सेन आणि सहकाऱ्यांनी एपीडेटा उभा केला. लहान, फुकट, इन्स्टॉल करताना विंडोजच्या सिस्टीम फाइलींना हात न लावणारा. भारतात सार्वजनिक आरोग्यात, विशेषतः क्षयरोगावरच्या कार्यसंशोधनाच्या प्रशिक्षणांत, अनेकांनी एंट्रीचे पहिले धडे याच प्रोग्रॅमवर गिरवले.

त्याची रचना इथे थोडी उलगडून सांगतो, कारण पुढच्या वादाचे बीज तिच्यातच आहे. एपीडेटाच्या जुन्या पद्धतीत एका सर्वेक्षणाच्या तीन फाइली असत. क्यूईएस फाइलीत साधा मजकूर: ‘वय’ लिहायचे आणि पुढे दोन हॅश-चिन्हे टाकायची, की दोन आकडी रकाना तयार. आरईसी फाइलीत प्रत्यक्ष नोंदी. सीएचके फाइलीत नियम: अमुक रकाना रिकामा सोडता येणार नाही, तमुक उत्तर १ ते ५मध्येच हवे, ‘नाही’ आले तर थेट प्रश्न १२वर उडी. सगळे इतके सोपे की तालुक्याच्या डॉक्टरलाही जमावे. पण तेवढेच नाजूकही. दोन हॅश टाकणाऱ्याने एकशेदोन वर्षांच्या आजीबाईंना तिथेच बाद केलेले असते, आणि ‘माहीत नाही’साठी ९९ हा संकेत ठरवला असेल तर नव्याण्णव वर्षांच्या आजोबांनाही. प्रोग्रॅम कितीही स्थिर असला तरी फॉर्म कच्चाच राहू शकतो.

साधारण त्याच काळात, २०००मध्ये, अमेरिकन जनगणना खात्याने सीएसप्रो आणला आणि आधीचे आयएमपीएस व आयएसएसए हे दोन प्रोग्रॅम मागे पडले. मग २००८मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात ओपन डेटा किट, म्हणजे ओडीके, सुरू झाला आणि एंट्री कार्यालयातून उठून अँड्रॉइड फोनवर, माणसाच्या दारात गेली. आपल्याकडचे बदलाचे वळण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्पष्ट दिसते. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे काम पाहते. २००५-०६ची तिसरी फेरी कागदावर झाली. २०१५-१६ची चौथी, सहा लाखांवर कुटुंबांची, मुलाखत चालू असतानाच छोट्या संगणकावर भरली गेली.

हा बदल वेगापुरता नाही. आधी कागद हा पुरावा होता आणि त्यावरून दुसऱ्यांदा एंट्री करता येत असे. आता दारात एकदाच जे टिपले तेच मूळ. प्रोग्रॅमने ते बिघडवले तर ताडून पाहायला मागे काही उरत नाही.

जिथे एकमत आहे

पहिल्या स्थिर आवृत्तीआधी काय काय उरकावे, याची यादी कोणत्याही गटाला विचारा, सारखीच मिळेल: नवी वैशिष्ट्ये घालणे थांबवणे, अडवून धरणारे बग संपवणे, भाषांतरे आणि मदतपुस्तिका पुरी करणे, वीज गेली तरी शेवटची सेव्ह केलेली नोंद शाबूत राहते हे दाखवून देणे. यावर फार रेंगाळायला नको. या सगळ्याच्या मुळाशी एक अट आहे: जे टाइप केले तेच साठले पाहिजे, जे साठले तेच निर्यात झाले पाहिजे, आणि यात कुठे गडबड झाली तर प्रोग्रॅमने बोंब ठोकली पाहिजे.

ती ठोकली नाही तर काय होते, याची दोन ताजी उदाहरणे सगळेच देतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या कोविड आकडेवारीतून १५,८४१ रुग्ण गळाल्याचे ऑक्टोबर २०२०मध्ये उघड झाले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस फाइलीत ओढली जात होती आणि त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही. जागा संपल्यावर पुढच्या ओळी गुपचूप गळाल्या. संपर्कशोधाला त्या लोकांची नावे उशिरा मिळाली. दुसरे उदाहरण जनुकशास्त्रातले. ‘सेप्ट२’ किंवा ‘मार्च१’ अशी जनुकांची नावे टाकली की एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. २०१६च्या एका पाहणीत, एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात ही चूक सापडली. अखेर २०२०मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली! सॉफ्टवेअरमध्ये हे रूपांतर बंद करण्याची सोय त्यानंतर, २०२३मध्ये आली. दोन्ही ठिकाणी प्रोग्रॅम जुना, रुळलेला, कोणत्याही व्याख्येने स्थिर होता. एवढेच की तो एंट्रीच्या कामासाठी बनलेला नव्हता.

वाद पहिला: आकडा कशाचे वचन देतो?

आवृत्तीच्या आकड्यांची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे ‘सिमँटिक व्हर्शनिंग’. गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ती मांडली. तिच्यानुसार शून्याने सुरू होणारी आवृत्ती म्हणजे कधीही काहीही बदलू शकते, १.० झाली की बाहेरच्यांनी ज्यावर विसंबायचे ते ठरले, आणि ते मोडायचे तर पहिला आकडा वाढवायचा. तीच रीत पुढे असेही सुचवते की लोक प्रत्यक्ष कामासाठी तुमचा प्रोग्रॅम वापरत असतील तर तो बहुधा आधीच १.० व्हायला हवा होता.

यावर पहिला पक्ष म्हणतो: थांबा. फाइलीचा साचा पक्का होईपर्यंत १.० म्हणू नका. एकदा हजारो लोकांनी त्या साच्यात नोंदी भरल्या की तो साचा तुमचा राहत नाही. एपीडेटाची पुढची पिढी याच विचाराची आहे. तिथे फॉर्म बनवणारा ‘मॅनेजर’ आणि एंट्री करणारा ‘एंट्रीक्लायंट’ असे दोन वेगळे प्रोग्रॅम केले गेले, आणि तीन फाइलींच्या जागी प्रश्न, नियम व नोंदी एकत्र ठेवणारी एक्सएमएलवर आधारलेली एकच फाइल आली. ऑपरेटरच्या हातात फॉर्म बदलण्याची सोयच राहिली नाही. या पक्षाकडे धीराची उदाहरणेही आहेत. वाइन हा विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा प्रकल्प १९९३मध्ये सुरू होऊन २००८मध्ये १.०ला पोचला. चित्रांसाठीचा इंकस्केप २००३चा, त्याची १.० आली २०२०मध्ये.

दुसरा पक्ष नेमक्या याच उदाहरणांकडे बोट दाखवतो. पंधरा-सतरा वर्षे लोक ‘अस्थिर’ आवृत्ती वापरत होतेच की! मग त्या शून्याचा उपयोग वापरणाऱ्याला काय झाला? बनवणाऱ्याला मात्र झाला: काही बिघडले तर ‘आम्ही सांगितलेच होते’ म्हणायची सोय. एरिक रेमंड यांनी १९९७च्या ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधात लवकर आणि वारंवार बाहेर काढण्याचा पुरस्कार केला. वापरणारे जितके जास्त तितके दोष लवकर उघडे पडतात, हे त्याचे तर्कशास्त्र. एंट्रीच्या क्षेत्रातले त्याचे अनुयायी सांगतात, की जिल्ह्याच्या कार्यालयातला ऑपरेटर ‘बीटा’ लिहिलेला प्रोग्रॅम हातातच घेत नाही. आणि तो वापरत नाही तोवर खरे बग सापडत नाहीत.

तिसरा पक्ष म्हणतो, हा आकडाच सोडा. ओडीकेचा फोनवरचा ‘कलेक्ट’ हा प्रोग्रॅम २०२१पासून वर्षावरून क्रमांक घेऊ लागला. प्रोग्रॅम आपोआप अपडेट होत असतील तर ‘पहिली स्थिर’ असा एक दिवस नसतो, सतत चालणारी वाहतूक असते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४मध्ये सुरू झालेल्या रेडकॅपने यात मधला मार्ग काढला. त्याच्या दोन शाखा चालतात: एक नव्या सोयींची, दुसरी दीर्घकाळ फक्त दुरुस्त्या मिळणारी. रुग्णांवरच्या चाचण्या चालवणाऱ्या संस्थांना दुसरी घेता येते.

तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. मला स्वतःला पहिल्या पक्षाचा मुद्दा जास्त पटतो, पण थोड्या वेगळ्या कारणाने. एंट्रीच्या प्रोग्रॅमची १.० ही त्या प्रोग्रॅमबद्दलची ग्वाही असून भागत नाही. ती त्यात आज भरलेल्या नोंदींबद्दलची असावी लागते. पडदे बदला, बटणे हलवा, पण आजची फाइल दहा वर्षांनी उघडली पाहिजे, आणि तुमचा प्रोग्रॅम तेव्हा नसला तरी दुसऱ्या कशाने तरी वाचता आली पाहिजे. आरईसी फाइली साध्या मजकुराच्या होत्या, त्यामुळे त्या आजही वाचता येतात. त्या काळातल्या चकचकीत, बंदिस्त साच्यांबद्दल असे सरसकट म्हणवत नाही.

वाद दुसरा: तपासणी किती कडक?

स्थिर आवृत्तीत तपासणीच्या कोणत्या सोयी असल्याच पाहिजेत, यावर दोन तट आहेत.

एक तट दुहेरी एंट्रीचा. व्हेरिफायरची परंपरा पुढे नेत दोन ऑपरेटरांनी स्वतंत्रपणे भरायचे आणि प्रोग्रॅमने दोन फाइली ताडायच्या. एपीडेटात ही सोय पहिल्यापासून महत्त्वाची मानली गेली. किंबर्ली बारचार्ड आणि लॅरी पेस यांच्या २०११च्या प्रयोगात, नुसते डोळ्यांनी ताडून पाहणाऱ्यांच्या हातून दुहेरी एंट्री करणाऱ्यांच्या सुमारे तीस पट चुका राहिल्या. विरोधी मत सायमन डे, पीटर फेयर्स आणि डेव्हिड हार्वी यांनी १९९८मध्येच मांडले होते: दुहेरी एंट्रीला किंमत मोजावी लागते, आणि सगळ्या चुका सारख्या नसतात. ७० किलोऐवजी ७०० पडले तर ते साध्या आलेखातही दिसते. ७०च्या जागी ७१ पडले तर निष्कर्ष फारसा हलत नाही. मग दुप्पट पगार कशावर? फोनवरच्या एंट्रीने हा वाद वेगळ्याच रीतीने निकालात काढला. तिथे दुसऱ्यांदा भरायला कागदच नाही, म्हणून सगळा भार जागच्या जागी होणाऱ्या तपासणीवर आला.

त्यातून दुसरा पेच निघाला. नियम मोडला तर प्रोग्रॅमने पुढे जाऊच द्यायचे नाही, की सूचना देऊन जाऊ द्यायचे? कडक नियमवाले म्हणतात, सूचना कोणी वाचत नाही. तिसऱ्या दिवसापासून बोट आपोआप ‘ओके’वर जाते. सैल नियमवाले म्हणतात, जग नियमांत बसत नाही. आईचे वय आणि थोरल्या मुलाचे वय यांत अकराच वर्षांचे अंतर निघाले, तर ती चूक असू शकते किंवा ती बालविवाहाची खरीखुरी नोंद असू शकते. प्रोग्रॅमने अडवले तर दारात उभा असलेला प्रगणक काय करील? उन्हात, पुढची वीस घरे बाकी असताना, तो पडदा पुढे सरकेल असा आकडा टाकील. आपल्या जनगणनांत वयांचे आकडे शून्य आणि पाचावर गोळा झालेले दिसतात हे लोकसंख्याशास्त्रात जुने आहे; लोक अंदाजाने वय सांगतात. कडक तपासणीने हा अंदाज सुधारत नाही, फक्त सुसंगत होतो, आणि सुसंगत खोटे शोधणे जास्त कठीण. इथे मी सैल नियमवाल्यांच्या बाजूने झुकतो, मात्र सूचना डावलल्याची नोंद राहत असेल तरच.

ओळख-क्रमांकांबाबत मात्र वाद नाही. डच गणिती याकोबुस व्हर्हूफ यांनी १९६९मध्ये माणसे आकडे उतरवताना कशा चुका करतात ते मोजले. बऱ्याचशा, शेकडा ७९च्या आसपास, एकच अंक चुकल्याच्या. शेकडा दहाच्या आसपास शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्याच्या. या दोन्ही प्रकारांच्या सगळ्या चुका पकडणारा तपास-अंक त्यांनी बांधून दाखवला. आधारचा बारावा अंक त्याच पद्धतीचा आहे. असा क्रमांक घेणारा रकाना तो तपास-अंक न जुळवता पुढे जाऊ देत असेल, तर त्या प्रोग्रॅमला स्थिर म्हणायचे धाडस कोणी करू नये.

वाद तिसरा: चाचणी कोणी घ्यायची?

कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत डेटा एंट्री ऑपरेटरसाठी ताशी ८,००० की-डिप्रेशनची अट असते. म्हणजे सेकंदाला दोनाहून जास्त कळा, तासभर. अशी व्यक्ती पडद्याकडे बघत नाही. डोळे कागदावर, उजवा हात न्यूमपॅडवर, आणि एंटरच्या तालावर रकाने पुढे सरकतात. प्रोग्रॅम लिहिणारा मात्र माऊसने एकेका रकान्यात जाऊन तपासत असतो. दोघांचे प्रोग्रॅम एकच असले तरी दोघांना दिसणारे दोष एक नसतात.

रकाना भरला की कर्सर आपोआप पुढे नेणारी सोय घ्या. दोन आकडी रकान्यात ‘४५’ पडताच कर्सर पुढे गेला, आणि सवयीने एंटर दाबला गेला, तर पुढचा रकाना रिकामा राहतो आणि त्यानंतरचे सगळे एक घर सरकते. वजनाच्या जागी उंची जाते, उंचीच्या जागी रक्तदाब. मर्यादांच्या नियमात बसणारे आकडे असतील तर कोणाला काही कळत नाही. सावकाश भरणाऱ्याच्या हातून हे होतच नाही, त्यामुळे प्रोग्रॅमरच्या टेबलावर हा बग जन्मालाच येत नाही.

याचे सर्वांत भीषण उदाहरण थेराक-२५ या किरणोपचार यंत्राचे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्याच्याकडून प्रचंड मात्रा मिळाली. त्यातल्या काहींचा त्यात मृत्यू झाला. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासातला एक तपशील एंट्रीच्या पडद्याबद्दलचा आहे. सुरुवातीला ऑपरेटरला उपचाराची माहिती यंत्राजवळ एकदा आणि पडद्यावर पुन्हा एकदा भरावी लागे, थोडक्यात दुहेरी एंट्री. वेळ जातो अशी तक्रार आली, म्हणून नुसता रिटर्न दाबला की आधीची माहिती उचलली जाईल अशी सोय झाली. टेक्ससमधल्या टायलर इथल्या रुग्णालयात १९८६मध्ये सरावलेल्या ऑपरेटरने किरणाच्या प्रकारासाठी ‘ई’ऐवजी चुकून ‘एक्स’ टाकले, वर जाऊन ते दुरुस्त केले आणि पटापट रिटर्न दाबत खाली आली. पडद्यावर दुरुस्ती दिसली. पण आठ सेकंदांच्या आत झालेला तो बदल यंत्राच्या दुसऱ्या भागापर्यंत पोचलाच नाही. पडद्यावर आले ‘मालफंक्शन ५४’, ज्याचा अर्थ तिथे कोणाला ठाऊक नव्हता. रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने त्या ऑपरेटरसोबत बसून तो दोष पुन्हा घडवून दाखवला. कंपनीच्या अभियंत्यांना तो आधी जमेना, कारण ते हळू भरत होते. या यंत्रातल्या प्रोग्रॅमचा बराच भाग आधीच्या यंत्रांवरून आलेला होता, म्हणजे वापरून मुरलेला. आधीच्या थेराक-२०मध्येही तो दोष होता. तिथे यांत्रिक अडसर असल्याने तो झाकला गेला होता.

यावरून एक गट म्हणतो, पहिली स्थिर आवृत्ती जाहीर करण्याआधी खऱ्या ऑपरेटरांनी, खऱ्या फॉर्मांवर, रोजच्या वेगाने काही आठवडे काम केलेच पाहिजे. दुसरा गट स्वयंचलित चाचण्यांवर भिस्त ठेवतो: यंत्र माणसापेक्षा वेगाने कळा दाबू शकते आणि प्रत्येक बदलानंतर त्याच हजार नोंदी पुन्हा भरू शकते. पण यंत्र फक्त सांगितलेलीच चूक करते. कंटाळलेला ऑपरेटर दुपारी चार वाजता कोणती चूक करील, हे सांगायला कोणाला तरी आधी ते पाहावे लागते. मोठ्या सर्वेक्षणांत आता पायलट फेरी असतेच. वाद आहे तो तिच्यात प्रोग्रॅमची परीक्षा घ्यायची की प्रश्नावलीची, याचा. एकाच फेरीत दोन्ही उरकायला गेले की दोष कोणाचा हे सांगता येत नाही, आणि बहुतेक अंदाजपत्रकांत दुसऱ्या फेरीचे पैसे नसतात.

देवनागरीचा स्वतंत्र पेच

मराठीत एंट्री करणाऱ्या प्रोग्रॅमला आणखी एक चाचणी द्यावी लागते, आणि बाहेरून आलेले प्रोग्रॅम तिथे हमखास अडखळतात. ‘ॲ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८च्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्रपणे आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत, आजही काही कळफलकांवरून तसेच उमटते. दिसायला दोन्ही एक. पण यूनिकोडच्या नियमांनी ती समतुल्य नाहीत, त्यामुळे मजकूर प्रमाणित करून घेतला तरी ती वेगळीच राहतात. एका टेबलावरच्या ऑपरेटरने भरलेले ‘ॲड.’ दुसऱ्या टेबलावरच्या शोधात सापडत नाही. कऱ्हाड आणि कऱ्हाडे यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो आणि तिथेही तीच गत. दुहेरी एंट्रीत तर हे फारच मजेशीर होते: दोघींनी अगदी बरोबर भरलेले असते, आणि प्रोग्रॅम प्रत्येक वकिलापाशी फरक दाखवत बसतो. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक एकाच रकान्यात चालू द्यायचे का, हा तर त्याहून जुना तंटा. साठवताना एकच रूप ठेवा आणि दाखवताना हवे ते दाखवा, यावर हळूहळू सहमती होते आहे.

तपासणीची एक वेगळीच तऱ्हा महाराष्ट्राने सातबारा संगणकीकृत करताना वापरली. हस्तलिखित उतारे संगणकावर चढवल्यावर त्यांतल्या चुका शोधायला २०१७मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकातला उतारा गावासमोर वाचायचा, हरकती घ्यायच्या, हस्तलिखिताशी ताडायचे. पुढच्या वर्षी महाराष्ट्रदिनापासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. आयबीएमच्या व्हेरिफायरने जे काम दुसऱ्या ऑपरेटरकडून करून घेतले, ते इथे ज्याची जमीन त्याच्याकडूनच करून घेतले गेले. ज्याचे नुकसान व्हायचे त्याच्याइतका बारकाईने वाचणारा दुसरा कोणी नसतो. तरीही नंतर लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली अर्ज येतच राहिले. आणि चावडी वाचन नोंदी तपासते, प्रोग्रॅम नाही. उद्या नवा फेरफार चढवताना तोच प्रोग्रॅम तीच चूक पुन्हा करणार नाही, याची हमी त्यातून मिळत नाही.

कायद्याची बाजू

कायदे हा प्रश्न दुसऱ्या टोकाने पाहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा १९९७चा ‘भाग ११’ हा नियम बदलांचा माग मागतो: कोणी, कधी, आधी काय होते, नंतर काय झाले. शिवाय प्रोग्रॅम प्रमाणित करायची जबाबदारी तो वापरणाऱ्या संस्थेवर येते. बनवणाऱ्याने १.० म्हटले म्हणून तुमच्याकडचे इन्स्टॉलेशन प्रमाणित होत नाही. भारतात १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा माग असणे, आणि तो बंद करता न येणे, बंधनकारक झाले. उलट २०२३च्याच डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क दिला. एक कायदा काही पुसू देत नाही, दुसरा पुसायचा हक्क देतो. दोन्हींना अपवाद आहेत आणि दोन्ही एकत्र पाळता येतात, पण ते फाइलीच्या साच्यात पहिल्यापासून बसवावे लागते. १.०नंतर ते घालणे म्हणजे साचा मोडणेच.

जे सुटलेले नाही

पैशाचा प्रश्न आहेच. एंट्रीचे अनेक प्रोग्रॅम फुकट आहेत आणि देणग्यांवर किंवा प्रकल्पांच्या निधीवर चालतात. निधी नव्या प्रोग्रॅमला मिळतो; जुन्या फाइली उघडत राहाव्यात यासाठी पैसे देणारा क्वचितच भेटतो. स्थिर आवृत्ती जाहीर करणे हे दहा वर्षांचे ओझे असेल तर ते दोन वर्षांच्या अनुदानावर कोणी उचलायचे, याला उत्तर नाही.

दुसरा प्रश्न एकदाच होणाऱ्या कामांचा. २०२७ची जनगणना डिजिटल पद्धतीने, मोबाइल ॲपवर घेण्याचे ठरले आहे. अशा ॲपची १.१ काढायला दुसरी जनगणना दहा वर्षांनी येते. काम चालू असताना दोष सापडला, तर तो तिथल्या तिथे दुरुस्त करायचा, की सगळीकडे सारखाच राहू द्यायचा? दुरुस्त केला तर पहिल्या आठवड्यातली घरे एका प्रोग्रॅमने मोजली जातात, उरलेली दुसऱ्याने. तसाच ठेवला तर चूक निदान सर्वत्र एकसारखी राहते आणि नंतर तिचा हिशेब घालता येतो. सर्वेक्षण-संख्याशास्त्रज्ञ अनेकदा दुसऱ्या मताचे असतात, प्रोग्रॅमर सहसा पहिल्या. प्रत्येक नोंदीबरोबर ती प्रोग्रॅमच्या आणि फॉर्मच्या कोणत्या आवृत्तीत भरली हे साठवावे, यावर दोघांचेही एकमत आहे आणि ओडीकेसारख्या साधनांत फॉर्मच्या आवृत्तीपुरती ती सोय आहे. विश्लेषण करताना त्या आकड्याचे करायचे काय, हे मात्र अजून कोणी ठरवलेले नाही.